दोन मनगटांवर दोन घड्याळं

पिंपरी कॅम्पातल्या घड्याळवाल्याने माझ्यासमोर ते मागचं झाकण उघडलं आणि मी बराच वेळ काही बोललेच नाही. मी गप्प बसणं ही माझ्या ओळखीच्या माणसांना काळजीत टाकणारी गोष्ट आहे. घड्याळवाला मला कॉलेजपासून ओळखतो, त्यामुळे त्यानेही मान वर करून पाहिलं.

“मॅडम, पसंत नाही का?” त्याने विचारलं.

पसंतीचा प्रश्न नव्हता. रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेत इतकी चाकं, इतके पातळ दांडे आणि केसासारख्या स्प्रिंगा एकमेकांना न अडखळता बसल्या होत्या, आणि त्या माझ्या जन्माच्या आसपास कुणीतरी हातांनी बसवल्या होत्या. घड्याळवाल्याने बाजूचं वरचं बटण हलकेच दाबलं. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज झाला. एक दांडा खाली पडला, त्याने दुसऱ्याला ढकललं, एक चिमुकलं चाक सरकत जाऊन फिरत्या चाकाला भिडलं, आणि पुढच्या बाजूला लांब काटा धावायला लागला. मी रोज चाकणला जाते. तिथे माझ्या डोळ्यांदेखत सपाट पत्र्याची गाडी होते. यंत्र बघून तोंडात बोट घालायचं माझं वय गेलं, असं मला खात्रीने वाटत होतं. तसं काही झालेलं नव्हतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. हा क्रोनोग्राफ होता, म्हणजे साध्या मनगटी घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की मुकाट्याने बारावर येऊन उभा राहतो. मला ते घड्याळ कॉलेजात असल्यापासून हवं होतं. हवं असणं आणि घेणं यांच्या मधे मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते वगैरे नेहमीची मंडळी येऊन बसली. ती यंदा उठली, तेव्हा मी घ्यायला निघाले. आणि निघाल्यावर कळलं की माझं ते घड्याळ एक नाही, दोन आहेत.

एक हे जुनं. पांढरी तबकडी साईसारखी पिवळसर झालेली, काच प्लास्टिकची आणि ओरखड्यांची. रोज सकाळी चावी द्यायची. पाण्याजवळ न्यायचं नाही. आणि घड्याळवाल्याने बजावून सांगितलं, “हा मोठा काटा उगाच चालू ठेवायचा नाही मॅडम. काम असेल तेव्हा चालवा, झालं की बंद. चाकाला चाक घासतं.” दुसरं त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, पण आजचं. आमच्या प्लॅनिंग विभागात घड्याळांचा शौक असलेला एक सहकारी आहे, त्याच्याकडे ते होतं. त्याला माझी घालमेल ऐकून कंटाळा आला असावा. त्याने मनगटावरून काढून माझ्या हातात ठेवलं.

“आठवडाभर वापरा, मग बोला,” तो म्हणाला. “राव, जुन्याला दर दोन वर्षांनी दवाखाना असतो. नवं घ्या नि विसरून जा. ह्याचा काटा दिवसरात्र फिरत ठेवला तरी काही होत नाही.”

नवं खरोखर देखणं होतं. काचेवर ओरखडा येत नव्हता, हात हलला की चावी आपोआप बसत होती. जुन्याचा काटा सुटताना केसभर उडी मारतो, नव्याचा लोणी कापल्यासारखा निघतो. आवाज जवळजवळ नाहीच. घड्याळवाल्यानेही माझी अवस्था बघून जुनं चार दिवस घरी न्यायला दिलं, आणि मी दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधून हिंडायला लागले. कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा हसला.

माझं पोट सेकंदांवर चालतं, हे इथे सांगायला हवं. मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. एखादं काम करायला माणसाला किती वेळ लागतो हे मोजायचं, आणि त्यावरून लाइनीवर किती माणसं, कुणी कुठे उभं राहायचं हे बसवायचं, हे माझं काम. कामगार अशा माणसाला पूर्वी ‘घड्याळवाला साहेब’ म्हणायचे. आणि माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर लेथ मशिनीवर उभे राहिले आणि जन्मभर त्यांनी घड्याळवाल्या साहेबाला फसवलं. मी ही नोकरी धरली तेव्हा ते काळेवाडीतल्या आमच्या घरात आईला म्हणाले होते, “आपल्याच घरात घड्याळवालीण जन्माला यायची व्हती.” मग आठवडाभर त्यांनी मला जेवायला वाढताना “साहेब, भाकरी” म्हणून वाढलं.

त्यांचं फसवणं मी लहानपणापासून ताटावर पाहिलेलं. घड्याळवाला साहेब येतोय अशी कुणकुण लागली की अख्ख्या लाइनीची चाल बदलायची. बाबा करून दाखवायचे. वाटी म्हणजे लेथवर चढवायचा तुकडा, चमचा म्हणजे हत्यार. वाटी बसवायची, मग फडक्याने पुसायची, मग माप लावायचं, पुन्हा पुसायची, मान वाकडी करून पुन्हा माप. चेहऱ्यावर मात्र असा भाव, की देशाची सगळी भिस्त या वाटीवर आहे. आई म्हणायची, आमटी निवतेय. आम्ही भावंडं हसून लोळायचो. पण तो कामचुकारपणा नव्हता, हे बाबा दर वेळी बजावायचे. वेळ कमी निघाला की तेवढ्याच कामाला माणसं कमी लागणार. आणि जो कमी होणार तो कुणी परका नव्हता, आमच्याच गल्लीत राहत होता.

त्या साहेबांमधल्या एकाच्या मनगटावर बटणांचं घड्याळ होतं. बाकीचे पुठ्ठ्याला लावलेलं स्टॉपवॉच घेऊन यायचे. याचं नुसतं ‘टक्’ वाजायचं. बाबा म्हणत, मशिनीच्या गदारोळात तेवढाच आवाज वेगळा ऐकू यायचा.

मागच्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं सगळ्यात आधी परत आलं, आणि तेही पूर्ण धारेचं. मागोमाग हात बराचसा आला. पाय मात्र मागे राहिला. आई नाही आता. मी राहते हिंजवडीजवळ माणला, उंच इमारतीत. तिथे यायला त्यांनी साफ नकार दिला. “तुमच्या त्या लिफ्टच्या गावात मला न्हाई यायचं,” म्हणाले. मग काळेवाडीच्या घरातच दिवसभरासाठी एक माणूस ठेवला. मराठवाड्यातला, चाळिशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ. आधी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता, ते काम सुटलं तेव्हा आजारी माणसांची सेवा करायला लागला. बाबांना खुर्चीतून उठवताना तो हात अशा ठिकाणी लावायचा, की बाबांना वाटावं आपणच उठलो. मी त्याला भाऊ म्हणते. बाबा त्याला भावा म्हणतात, आणि माझ्याहून जास्त त्याच्याशी बोलतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. पहिल्या काही महिन्यांत पायात जेवढा जोर परत येईल तेवढा आपला, नंतर फार अपेक्षा ठेवू नका. बाबांची मागणी मोठी नव्हती. कोपऱ्यावर विहार आहे, त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी त्यांच्या वयाची रिटायर मंडळी बसतात. तिथवर कुणाचा हात न धरता जायचं, एवढंच. त्यासाठी दर रविवारी फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन चाचणी घ्यायची. खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ती मोबाइलवर वेळ लावायची.

सुरुवातीला आकडा भराभर उतरला. तेव्हा ती हुरूप यावा म्हणून सगळ्यांसमोर म्हणाली, “आजोबा, पंधरा सेकंदांच्या आत आलात ना, की दिवसभराचा माणूस काढून टाकू. एकदम फ्री.” बाबा हसले. त्यानंतर आकडा बावीसवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पुढच्या रविवारी बावीस. त्याच्या पुढच्या रविवारी बावीस. व्यायाम वाढवले, तेल बदललं, काठी बदलली. बावीस. शेवटी डॉक्टर म्हणाले, कदाचित एवढंच असेल. मी त्या दिवशी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून रडले. त्या रस्त्यावर रडायला माणसाला भरपूर वेळ मिळतो.

अशा दिवसांत मी घड्याळ निवडत बसले होते, याची मला लाज वाटत नव्हती असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दोन घड्याळांकडे बघितलं की डोकं शांत व्हायचं. तिथे सगळं चालत होतं.

त्या रविवारी मी दोन्ही मनगटांवर घड्याळं घेऊन काळेवाडीला गेले. डाव्या हातावर नवं, उजव्यावर जुनं. नव्याचा काटा सहकाऱ्याच्या सांगण्याची खातरजमा म्हणून सकाळपासून फिरत ठेवला होता. बाबांनी खुर्चीतून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

“दोन दोन? एक खोटं बोलतंय का काय?”

“निवडायचंय बाबा. त्यातलं एकच घेणार आहे.”

“मग कोण जास्त काम करतंय ते बघ आन् त्याला काढून टाक. तुमच्यात तसंच असतंय ना.”

भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो हसला. फिजिओवाली मुलगी आली. मी तिला म्हटलं, आज वेळ मी घेते. उजवा हात पुढे धरला आणि जुन्याचं बटण दाबलं. टक्. बाबांची मान झटक्यात वळली.

“ह्यो आवाज कुठनं आणलास?”

“जुनं घड्याळ आहे.”

“वळखतो मी,” एवढंच बोलून ते उठले. डावा पाय टाकला, उजवा ओढत आणला. भाऊ मागे हात पसरून चालला. दार, वळण, परत, खुर्ची. मी बटण दाबलं. बावीस. मुलगी म्हणाली, आजोबा, अजून एकदा, जरा जोर लावा. बाबांनी चेहऱ्यावर जोर आणला. बावीस. तिसऱ्यांदाही काटा त्याच रेघेवर थांबला. मुलगी बाबांच्या खांद्यावर थोपटून तिच्या पुढच्या पेशंटकडे गेली. भाऊ औषधं आणायला बाहेर पडला.

मी आतल्या दाराला टेकून नव्या घड्याळाकडे बघत उभी होते. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून बाबांकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात मोरीतला नळ फुसफुसला. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि यायच्या आधी नळ हवा सोडतो. तो आवाज काळेवाडीत झोपलेल्या माणसालाही उठवतो. बाबा उठले. टेबलाला बोटं लावली न लावली, आणि माझ्या शेजारून सरळ मोरीत गेले, नळाची नळी ड्रममध्ये सोडली आणि वळून परत आले. येताना अर्ध्या वाटेत त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिथून पुढे उजवा पाय पुन्हा ओढायला लागला.

माझी नजर घड्याळावर होती ती होतीच. ते उठले तेव्हा काटा कुठे होता, ते बसले तेव्हा कुठे आला, हे मला बघावं लागलं नाही. इतक्या वर्षांची सवय आहे ती. नळी सोडायचा वेळ वजा केला. अशी वजाबाकीही माझ्या डोक्यात आपोआप होते. तेरा उरले. आणि मोरी दारापेक्षा लांब आहे.

मग मला ते बावीस दिसायला लागले. बावीस, बावीस, बावीस. अगं बाई, मी स्वतःशी म्हटलं, हे तुला आधी दिसायला नको होतं? आजारी माणसाचे आकडे असे येतात का? एकदा चोवीस येईल, एकदा एकोणीस, दमला तर सव्वीस. धडधाकट माणसाचेही असे येत नाहीत. लाइनीवरच्या कुठल्याही माणसाचे आकडे घ्या, ते इकडे तिकडे पसरतातच. सलग एकच आकडा आला तर तो माणूस काम करत नसतो, आकडा करत असतो. ताटावर वाटी पुसता पुसता बाबांनीच सांगितलं होतं, एकदा बावीस आन् एकदा अठरा काढलं की साहेबाला वास लागतो. एकदा धरला की धरून ठेवायचा.

आधी मला राग आला. गाडीत रडलेल्या प्रत्येक मिनिटाचा आला. पण तो टिकला नाही, कारण त्याच्या मागून जे आलं ते फार मोठं होतं. या माणसाचं अर्धं अंग त्याच्या हातातून निसटलं होतं. ते त्याने इंचाइंचाने परत मिळवलं, आणि मिळवल्याचं कुणाला कळू नये म्हणून त्याच अंगाला काट्याबरोबर चालायला लावलं. घड्याळ माझ्या हातात, पाठ माझ्याकडे, मागे माणूस हात पसरून, आणि तीनदा एकाच रेघेवर. घड्याळवाल्याने झाकण उघडलं तेव्हा मी थक्क झाले होते. ते आता मला खेळणं वाटायला लागलं. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली, पुष्कळ माणसं मोजली. असं काही मी पाहिलेलं नाही.

“बाबा,” मी म्हटलं, “बावीसच का?”

त्यांनी मोरीकडे पाहिलं. ड्रममध्ये पाणी पडत होतं.

“जास्त काढलं आसतं तर तुमी पुन्यांदा दवाखान्यात न्हेलं असतं.”

“आणि कमी काढलं असतं तर?”

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. भाऊ अजून यायचा होता.

“कमी काढलं की माणूस कमी व्हतो,” ते म्हणाले. “त्या पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं. पंधराच्या आत आलं की काढून टाकू. त्यो तिथंच उभा व्हता. हसला. म्या बघितलं कसा हसला त्ये.” मग थोडं थांबून म्हणाले, “चाकणला त्येला घड्याळानंच काढलाय. आठ जनांची लाइन सहावर आणली, त्यातला एक ह्यो. आता पुन्यांदा माझ्या पायानं काढू व्हय?”

ती लाइन माझ्या कंपनीतली नव्हती, पण कुणीतरी माझ्यासारख्यानेच ती बसवली असणार.

“पण पाय कायमचा लुळा राहिला असता तर?”

“पाय बसू दिला कोणी? त्यो भाजी आणाय गेला की हिंडतो मी. ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. जिन्याच्या दोन पायऱ्याबी चढतो.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जी ऐट होती, ती मी त्यांच्या रिटायरमेंटनंतर प्रथमच ऐकली. मग त्यांनी डोळे बारीक केले. “तू आता वेळ घेतलास.”

“घेतला नाही. दिसला.”

“दिसला म्हंजे घेतलाच. सांगून घेतलास का?”

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, घड्याळ उघडं ठेवायचं. आडून, पाठीमागून, खिशात हात घालून कुणाचा वेळ घ्यायचा नाही. समोर उभं राहायचं, सांगायचं, आणि मग बटण दाबायचं. मी हे नव्या मुलांना दर वर्षी शिकवते, फार कडक आवाजात शिकवते. आणि माझ्या डाव्या मनगटावरचा तो गुळगुळीत काटा सकाळपासून न बोलता फिरत होता.

“आमच्यात घड्याळ लावायच्या आधी बोलणी व्हायची,” बाबा म्हणाले. “वेळ कमी निघाला तरी माणूस कमी व्हणार न्हाई, आसं साहेब कामगारांसमोर उभं राहून बोलायचा. मगच आमी खरं काम दाखवायचो. ते बी सगळं न्हाई.”

“आणि साहेब बोललाच नाही तर?”

“तर वाटी पुसायची,” ते म्हणाले. इतक्यात भाऊ औषधं घेऊन आला आणि बाबांनी लगेच उजवा हात असा मांडीवर टाकला, की मला हसू आवरायला पदर तोंडाला लावावा लागला.

तो आठवडा मी विचारात काढला. कंपनीतल्या माणसांच्या नोकऱ्या माझ्या हातात नसतात. मी आकडे देते, निर्णय वर होतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले आहे. इथे वर कुणी नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाशी फोनवर बोलले, नवऱ्याशी बोलले. गुरुवारी नवं घड्याळ सहकाऱ्याला परत केलं. त्याला खरंच वाईट वाटलं.

“काय कमी आहे त्यात?” त्याने विचारलं.

“काही कमी नाही. चोरपावलांनी चालतं.”

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. संध्याकाळी कॅम्पात जाऊन जुनं घड्याळ पक्कं केलं. घड्याळवाल्याने पुन्हा तेच बजावलं, मोठा काटा उगाच चालू ठेवू नका.

रविवारी सगळे जमले. फिजिओवाली मुलगी, भाऊ, खुर्चीत बाबा. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले.

“चाचणीच्या आधी एक सांगायचंय,” मी म्हटलं. “बाबांचा आकडा कितीही येवो, भाऊंचं इथलं काम जाणार नाही. बाबा ठणठणीत झाले तरी नाही. भाऊंना स्वतःला दुसरीकडे चांगलं काम मिळालं आणि त्यांना जायचं असलं, तर ते जातील. आम्ही काढणार नाही.”

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. भाऊलाही आधी काही कळलं नाही. “ताई, मी कुठं काय म्हनलो?” तो म्हणाला. मग त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. तो दिवसभर त्यांच्या अंगाला हात लावत होता. कुठल्या स्नायूत किती जोर आहे हे त्याच्या बोटांना माहीत असणार. आता ते आणि माझं बोलणं त्याच्या डोक्यात एकत्र आलं असावं. खांद्यावरचा टॉवेल त्याने चेहऱ्यावरून फिरवला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

“बाबा,” टॉवेलाच्या आडून तो म्हणाला, “असं नसतंय करायचं बगा.”

“गप उभा ऱ्हा. मागं हात लावू नको,” बाबा म्हणाले. मग मला, “दाखव घड्याळ.”

मी उजवं मनगट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी तबकडी नीट पाहिली, पिवळसर पांढरी, काचेवर ओरखडे, काटा बारावर उभा. मान हलवली. मी बटण दाबलं. टक्.

बाबा उठले. टेबलाला हात नाही, काठीला हात नाही. उजवा पाय अजून थोडा बाहेर पडत होता, पण पडत होता आणि पुढचा डावा त्याची वाट बघत नव्हता. मुलीने तोंडावर हात ठेवला. दारापर्यंत ते इतक्या लवकर गेले की मला घड्याळाकडे बघायचं भान राहिलं नाही.

“आजोबा, वळा आता,” मुलगी म्हणाली.

ते वळले नाहीत. चौकटीला हात लावून त्यांनी उंबरठा ओलांडला, दोन पायऱ्या एकेक करून उतरले आणि गल्लीत आले. समोरच्या किराणा दुकानात उभी असलेली बाई पिशवी हातात तशीच धरून बघत राहिली. भाऊ क्षणभर जागेवरच थबकला, मग त्याने रिकामी प्लास्टिकची खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि धावत त्यांच्या मागे गेला. मधे चार पावलांचं अंतर ठेवलं, हात लावला नाही. विहाराच्या कट्ट्यावरची म्हातारी मंडळी एकेक करून उठून उभी राहत होती.

मी दारात आले, अंगठा बटणावर ठेवून. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण आवाज गल्लीभर ऐकू आला.

“काटा चालू ठेव.”

मी बटणावरचा अंगठा काढला आणि चपला न घालताच त्यांच्या मागे निघाले.